एमव्हीपी कसा बांधायचा आणि कसा तपासायचा: टप्प्याटप्प्याने

नव्या स्टार्टअपमध्ये बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागतो. आधी ॲप तयार होतं, मग ते वापरायला माणसं शोधली जातात आणि आकडे हाती आल्यावर ते चांगले म्हणायचे की वाईट यावर खल सुरू होतो. तोवर पैसा आणि उमेद दोन्ही इतकी खर्ची पडलेली असतात की कुठलाही आकडा बराच वाटू लागतो. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे.

एमव्हीपी (मिनिमम व्हाएबल प्रॉडक्ट, म्हणजे चालू शकेल असं किमान उत्पादन) ही उत्पादनाची स्वस्तातली पहिली आवृत्ती असं धरून चाललं की पुढची सगळी गफलत तिथूनच सुरू होते. एमव्हीपी ही एका ठरावीक शंकेची परीक्षा आहे. ती शंका कोणती आणि उत्तर ‘नाही’ आलं हे कशावरून ओळखायचं, एवढं कागदावर उतरल्याशिवाय बांधायला घेऊ नका.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला घरी करायचे व्यायाम सांगतात आणि रुग्ण ते करत नाहीत. आपल्याला असं ॲप काढायचं आहे की रुग्णाला रोज आठवण होईल, तो ‘झालं’ असं नोंदवेल आणि ती नोंद थेरपिस्टला दिसेल.

## टप्पा १: कशावर विसंबून आहोत ते लिहून काढा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा धंदा चालायचा असेल तर आधी काय काय खरं असावं लागेल? मनात येईल ते सगळं साध्या वाक्यांत लिहा. आपल्या उदाहरणात यादी साधारण अशी होईल:

१. रुग्ण घरचा व्यायाम टाळतात आणि त्याचा थेरपिस्टला खरोखर त्रास होतो.
२. थेरपिस्ट प्रत्येक रुग्णाचा व्यायाम ॲपमध्ये भरायला दोन-तीन मिनिटं देईल.
३. रुग्ण दुसऱ्या आठवड्यातही रोजची आठवण उघडून पाहील.
४. नोंद पाहून थेरपिस्ट पुढच्या भेटीत काहीतरी वेगळं करेल.
५. थेरपिस्ट यासाठी दरमहा पैसे देईल.
६. व्यायामाचे व्हिडिओ साध्या फोनवर नीट चालतील.

आता प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी लिहा. हे खोटं निघालं तर धंदाच उरत नाही का? आणि हे खरं असल्याचा आपल्याकडे आज काय पुरावा आहे? ज्या वाक्यापुढे पहिलं उत्तर ‘उरत नाही’ आणि दुसरं ‘काहीच नाही’ असं येतं, परीक्षा आधी त्याची.

टेक्निकल माणूस हमखास सहाव्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते त्याला जमतं. पण फोनवर व्हिडिओ चालवण्याचा प्रश्न जगाने केव्हाच सोडवला आहे, त्यात परीक्षा घेण्यासारखं काही नाही. माझ्या मते या यादीतलं सर्वांत धोक्याचं वाक्य चौथं आहे आणि तेच बहुतेक जण लिहायला विसरतात. नोंद पाहून थेरपिस्टच्या वागण्यात काहीच फरक पडणार नसेल, तर तो ती नोंद दोनदा पाहील आणि सोडून देईल. मग दुसरं आणि पाचवं वाक्यही आपोआप कोसळतं.

तपासणी: प्रत्येक वाक्यात कोण आणि नेमकं काय करेल हे आहे का? ‘लोकांना आरोग्याची काळजी असते’ यासारखं वाक्य कधीच खोटं ठरू शकत नाही, म्हणून ते यादीतून काढा.

## टप्पा २: कल्पना खिशात ठेवून माणसांशी बोला

आधी गट अरुंद करा. ‘सगळे फिजिओथेरपिस्ट’ हा गट नव्हे. ‘स्वतःचा दवाखाना चालवणारे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण नियमित पाहणारे’ हा गट झाला. मोठ्या रुग्णालयातला नोकरदार थेरपिस्ट, खेळाडूंबरोबर काम करणारा आणि घरोघरी जाणारा यांच्या अडचणी वेगळ्या असतात. तिघांची उत्तरं एकत्र केली की सरासरी निघते, पण ती कुणाचीच नसते.

बोलताना तुमची कल्पना शेवटपर्यंत सांगू नका. ती सांगितली की समोरचा माणूस भिडेखातर कौतुक करायला लागतो आणि पुढची सगळी माहिती वाया जाते. भविष्याबद्दल विचारू नका, घडून गेलेल्याबद्दल विचारा. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ याला ‘हो’ म्हणायला काही पडत नाही. त्याऐवजी असं विचारा:

- सांगितलेला व्यायाम न करता आलेला शेवटचा रुग्ण कोणता? कधीची गोष्ट?
- ते तुम्हाला कसं कळलं?
- त्या दिवशी तुम्ही काय केलंत?
- यावर उपाय म्हणून आजवर काय काय करून पाहिलंत? ते का सोडलंत?

समजा एक थेरपिस्ट म्हणाल्या, “हो, होतं असं. काय करणार, माणसं ऐकत नाहीत.” आणि दुसऱ्या म्हणाल्या, “मी कागदावर आकृत्या काढून देते. तो कागद हरवतो, म्हणून आता फोटो काढून पाठवते. दोन-तीन रुग्णांना रविवारी स्वतः फोन करून विचारते.” दोघींनी अडचण मान्य केली, पण गिऱ्हाईक दुसऱ्या आहेत. त्यांनी स्वतःचा वेळ घालून ओबडधोबड का होईना, उपाय उभा केला आहे. असा जोडतोडीचा उपाय सापडणं हा या टप्प्यातला सर्वांत भक्कम पुरावा. पहिल्या बाईंना अडचण आहे, पण ती त्यांनी पचवली आहे, आणि पचवलेल्या अडचणीसाठी कुणी पैसे देत नाही.

बोलणं संपवताना काहीतरी मागा. “पुढच्या आठवड्यापासून एका रुग्णाबरोबर करून पाहू. कोणता रुग्ण घ्यायचा?” इथे माणूस लगेच नाव सुचवतो किंवा “बघू, कळवतो” म्हणतो. वहीत ‘आवडलं’ लिहू नका, यातलं काय घडलं ते लिहा.

किती जणांशी बोलायचं? गट खरोखर अरुंद असेल तर आठ-बारा जणांनंतर तीच तीच उत्तरं यायला लागतात. तेवढ्यांशी बोलूनही प्रत्येक जण वेगळंच काही सांगत असेल, तर माणसं वाढवू नका, गट आणखी अरुंद करा.

सावधान: मित्र, नातेवाईक आणि तुमच्यात पैसे गुंतवलेली माणसं या मोजणीत धरू नका. ती तुम्हाला उत्तर देतात, प्रश्नाला नाही.

## टप्पा ३: नापासाची रेषा आधी आखा

हा टप्पा वगळला तर बाकीचे सगळे कितीही काटेकोर पाळले तरी उपयोग नाही, म्हणून याला वेळ द्या. साचा असा:

‘आम्हाला वाटतं की अमुक माणसं अमुक करतील. ते पाहण्यासाठी आम्ही अमुक करू. इतक्या दिवसांत इतक्या जणांपैकी किमान इतक्यांनी ते केलं तर पुढे जाऊ. इतक्यांहून कमी जणांनी केलं तर थांबू.’

आपल्या उदाहरणात: ‘आम्हाला वाटतं की रुग्ण दुसऱ्या आठवड्यातही आठवण उघडून नोंद करतील. ३० रुग्णांना दोन आठवडे रोज आठवण पाठवू. दुसऱ्या आठवड्यात ७ पैकी किमान ४ दिवस नोंद करणारे १५ किंवा जास्त निघाले तर पुढे. ८ किंवा कमी निघाले तर थांबू. ९ ते १४ निघाले तर फक्त एकदा, एक बदल करून, नव्या ३० जणांबरोबर पुन्हा.’

१५ हा आकडा कुठून आला? मनाला बरा वाटतो म्हणून घ्यायचा नाही, धंद्याच्या गणितातून मागे मागे यायचं. थेरपिस्टच्या यादीत निम्म्याहून जास्त रुग्णांपुढे रिकामी जागा दिसली तर ती यादी पाहण्यात त्याला काही अर्थ वाटणार नाही, आणि पाहिलीच नाही तर तो पैसे कशाचे देणार? म्हणून निम्मे. तुमच्या धंद्यात हे गणित वेगळं असेल, पण आकड्यामागचं कारण एका वाक्यात सांगता आलंच पाहिजे.

इथे लहान संख्यांचा थोडा हिशेब माहीत हवा, नाहीतर आकडे फसवतात. वेबपानावर १०० जण आले आणि ५ जणांनी नाव नोंदवलं, तर खरं प्रमाण ५ टक्केच आहे असं नव्हे. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की ते साधारण १.६ ते ११ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ३० जणांना विचारलं आणि एकानेही पैसे दिले नाहीत, तरी खरं प्रमाण जवळजवळ १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. शून्य आल्यावर ३ ला माणसांच्या संख्येने भागलं की ही वरची मर्यादा मिळते, हा सोपा ठोकताळा लक्षात ठेवा.

म्हणूनच सुरुवातीला बटणाचा रंग बदलून दोन पानांची तुलना करणं फुकट आहे. ५ टक्क्यांचे ६ टक्के झाले हे भरवशाने ओळखायला प्रत्येक पानावर साधारण ८,००० माणसं लागतात. एमव्हीपीच्या वेळी मोठे, उघड्या डोळ्यांना दिसणारे फरकच शोधा.

तपासणी: कागदावर तारीख घाला आणि तो संघाबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे द्या. निकालाच्या दिवशी तोच कागद उघडायचा आहे.

## टप्पा ४: शंकेला साजेशी परीक्षा निवडा

सगळ्यांना एकच औषध चालत नाही. शंका कोणती, त्यावर परीक्षेचा प्रकार ठरतो.

लोकांना हे हवं आहे का आणि किंमत पाहूनही हवंच आहे का? यासाठी वेबपान पुरतं. सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरलेल्या वेळी टाकणाऱ्या बफर या सेवेसाठी तिचे संस्थापक जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये हेच केलं. आधी फक्त एक पान: सेवा काय करते, आणि बटण दाबलं की ‘अजून तयार नाही, ईमेल द्या’. मग दोन पानांच्या मध्ये त्यांनी किमतींचं पान घातलं. किंमत पाहूनही माणसं पुढे जातात असं दिसल्यावर बांधकाम सुरू झालं. लोक चुकतात ते मधलं पान गाळून. निव्वळ ईमेल मिळणं म्हणजे कुतूहल, किंमत पाहून पुढचं बटण दाबणं म्हणजे इच्छा.

जे बांधायला फार वेळ लागेल ते लोकांना समजतं आणि हवंसं वाटतं का? यासाठी व्हिडिओ. ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टन यांनी फाइली दोन संगणकांवर आपोआप जुळतात हे दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षायादी ५,००० वरून ७५,००० वर गेली. पण हा आकडा वाचून व्हिडिओ करायला धावू नका. व्हिडिओतून आवड कळते, लोक टिकून राहतील की नाही ते कळत नाही.

लोक हा व्यवहार खरोखर करतील का? यासाठी पडद्यामागे हाताने चालणारं दुकान. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो संकेतस्थळावर टाकले. कुणी मागणी नोंदवली की ते दुकानातून तो जोड विकत घेऊन पाठवायचे. पायात न घालता लोक बूट घेतील का, ही त्यांची शंका होती. नफा होणार नव्हताच आणि तो या परीक्षेचा विषयही नव्हता. त्यातूनच पुढे झॅपॉस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली.

लोकांना यातून खरा फायदा होतो का, आणि ते पुन्हा येतात का? यासाठी उघडउघड हाताने दिलेली सेवा. ग्राहकाला माहीत असतं की मागे माणूस आहे. आपल्या उदाहरणाला हाच प्रकार लागू पडतो: थेरपिस्टच्या कागदाचा फोटो घ्या, रुग्णाला विचारून वेळ ठरवा, रोज त्या वेळी स्वतः संदेश पाठवा, उत्तर स्प्रेडशीटमध्ये भरा आणि भेटीच्या आदल्या दिवशी थेरपिस्टला एका पानाचा गोषवारा द्या. कोडची एक ओळही लागत नाही.

या प्रकारात एक सापळा आहे. तुम्ही जे काम हाताने करता, त्यामागची शंका झाकली जाते. कागदावरून व्यायाम तुम्हीच भरून घेतले तर दुसऱ्या वाक्याची, म्हणजे थेरपिस्ट स्वतः भरेल का याची, परीक्षा झालेलीच नाही. तरीही शेवटी ‘थेरपिस्ट खूश आहेत’ असं लिहिलं जातं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या रुग्णापासून थेरपिस्टच्या हाती साधा फॉर्म द्या आणि तो भरला जातो का ते पाहा. हाताने करत असलेल्या प्रत्येक कामापुढे ‘हे पुढे कोण करणार?’ असं लिहून ठेवा.

सावधान: जे देऊ शकत नाही त्याचे पैसे घेऊन ठेवू नका. बटण दाबलं की त्याच क्षणी ‘अजून तयार नाही’ हे स्पष्ट सांगा. आरोग्य, पैसा, लहान मुलं असा विषय असेल तर आधी संमती घ्या, लागेल तेवढीच माहिती घ्या आणि ती केव्हा पुसणार तेही सांगा. परीक्षेच्या नावाखाली थेरपिस्टने सांगितलेल्या व्यायामात स्वतः बदल करू नका.

## टप्पा ५: एकच वाट बांधा, पण पक्की बांधा

हाताने केलेल्या परीक्षेत तग धरला तरच कोडकडे वळा. माणूस पहिल्यांदा येतो तिथपासून त्याला फायदा होतो तिथपर्यंतची वाट कागदावर काढा. प्रत्येक पायरीला विचारा: ही काढली तर शंकेचं उत्तर मिळायचं थांबेल का? नसेल थांबत, तर काढा. आपल्याकडे उरतं एवढंच: थेरपिस्ट व्यायाम निवडतो, रुग्णाला दुवा जातो, रुग्ण ‘झालं’ दाबतो, थेरपिस्टला यादी दिसते. पासवर्ड बदलणं, रंगीत आलेख, सेटिंग, दुसरी भाषा, टाळ्या वाजवणारे बक्षिसांचे बिल्ले या सगळ्यांना ‘नंतर’ नावाच्या वेगळ्या यादीत घाला. ती यादी लिहून ठेवली की संघातले वादही कमी होतात.

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते. ‘किमान’ म्हणून लोक मोडकंतोडकं काहीतरी पुढे करतात. रुग्णाने ‘झालं’ दाबलं आणि नोंद गेलीच नाही, तर तो तिसऱ्या दिवशी सोडून देतो. मग कल्पना फसली की कोड फसला हे कधीच कळत नाही. कात्री फीचरच्या संख्येला लावायची, उरलेली वाट मात्र विनातक्रार चालली पाहिजे.

मोजणी पहिल्या दिवसापासून हवी. चार-पाच घटना पुरतात: दुवा उघडला, व्यायाम सुरू केला, ‘झालं’ दाबलं, थेरपिस्टने यादी पाहिली, पैसे दिले. प्रत्येकीबरोबर कोण आणि केव्हा हे नोंदवा. तयार फॉर्म, स्प्रेडशीट आणि कोड न लिहिता ॲप जुळवणारी साधनं वापरायला लाजू नका. या टप्प्यातलं बरंचसं काम पुढे फेकूनच द्यायचं असतं.

तपासणी: जुन्या फोनवर, मंद इंटरनेटवर, अगदी नवीन खात्याने पूर्ण वाट स्वतः चालून पाहा. मग घटनांची नोंद बरोबर झाली का ते स्प्रेडशीटमध्ये बघा. नोंदच चुकत असेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा ६: पाच जणांसमोर ठेवा आणि गप्प बसा

जेकब नीलसन यांचा हिशेब वापरसुलभतेच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा हिशेब माणसाला ॲप वापरताना कुठे अडतं एवढ्यापुरताच आहे. ‘पाच जणांना आवडलं, म्हणजे मागणी आहे’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, पण काढला मात्र सर्रास जातो.

माणसाला काम सांगा, रीत सांगू नका. “आजचा व्यायाम करून थेरपिस्टला कळवा” एवढंच. समजा रुग्ण दुवा उघडते, व्हिडिओ सुरू करते, फोन जमिनीवर ठेवते आणि पाय उचलायला लागते. चौथ्या वेळेला स्क्रीन विझते. ती वाकून फोन उचलते, कुलूप उघडते, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ती जरा थांबते आणि न करताच ‘झालं’ दाबते. तुमच्या ओठांवर “अहो, ते असं करा ना...” आलेलं असतं. ते गिळा. तुम्ही मध्ये बोलला असतात तर न केलेला व्यायामही ‘झालं’ म्हणून नोंदला जातो, ही त्या दिवसाची सर्वांत मोलाची गोष्ट हातची गेली असती. ती एक नोंद सगळी मोजणी संशयात आणते.

वाट अडवणाऱ्या अडचणी तेवढ्या दुरुस्त करा, बाकीच्या लिहून ठेवा.

## टप्पा ७: खरी चाचणी, ठरलेल्या दिवसांची

माणसं एकदम घेऊ नका, तुकडीने घ्या आणि प्रत्येकाला स्वतः सुरू करून द्या. सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधीच सांगा. तुकडी चालू असताना काही मोडलं असेल तेवढंच दुरुस्त करा. नवा बदल करायचा मोह झाला तर तो पुढच्या तुकडीसाठी राखून ठेवा, नाहीतर आकडा कशाचा आला ते कळणार नाही.

संस्थापक रोज फोन करून “केलंत का?” विचारत असेल तर वापर वाढतो, पण तो फोनचा परिणाम असतो. तुम्ही कुणालाही फोन केला, आठवण केली, मदत केली, तर त्या माणसाच्या नावापुढे तशी खूण करा. शेवटी खूण नसलेल्यांचा आकडा वेगळा काढा.

एकूण वापरकर्त्यांचा आलेख पाहू नका. तो नेहमी चढतच असतो, कारण सोडून गेलेले त्यातून वजा होत नाहीत. प्रत्येक तुकडीतले किती जण दर आठवड्याला उरले ते पाहा. दोन तुकड्यांची कल्पना करा, दोन्हींत २० जण. पहिलीत चार आठवड्यांचे आकडे १६, ११, ७, ४. दुसरीत १३, ९, ८, ८. पहिल्या आठवड्यात पहिली तुकडी सरस दिसते आणि अनेक जण तिथेच आनंद साजरा करतात. पण पहिलीची गळती थांबलेली नाही. दुसरीत आठ जणांना हे खरोखर उपयोगी पडतं आहे. पुढचं काम त्या आठ जणांत समान काय आहे हे शोधण्याचं.

सोडून गेलेल्यांशी एक-दोन दिवसांतच बोला, नंतर त्यांना आठवत नाही. “का सोडलंत?” विचारलं की “वेळ मिळाला नाही” असं उत्तर येतं. “शेवटचं वापरलंत त्या दिवशी काय झालं?” असं विचारा.

पैशाचा प्रश्न टाळू नका. फुकट चाचणी किती दिवसांची हे पहिल्या दिवशीच सांगा आणि त्या तारखेला खरोखर पैसे मागा. सवलत द्या हवी तर, पण शून्य ठेवू नका. ‘नंतर नक्की देऊ’ हे ‘नाही’ म्हणून मोजा.

स्टार्टअपच्या वाढीवर काम करणारे शॉन एलिस यांचा एक प्रश्न जोडीला विचारता येतो: उद्यापासून हे मिळालं नाही तर कसं वाटेल? ‘खूप निराशा होईल’ असं म्हणणारे ४० टक्के किंवा जास्त असतील तर ते चांगलं लक्षण मानतात. मात्र खरोखर वापरलेल्यांनाच विचारा, आणि हे उत्तर त्यांच्या वागण्याच्या आकड्याशी जुळत नसेल तर वागण्यावर विश्वास ठेवा.

## टप्पा ८: कागद उघडा आणि ठरवा

टप्पा ३ मधला कागद बाहेर काढा आणि आकडा रेषेशेजारी लिहा. रेषा सरकवायची नाही. त्या दिवशी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे “फक्त ते एक फीचर कमी पडलं.” हे वाक्य तपासता येतं: सोडून गेलेल्यांपैकी किती जणांनी न विचारता त्या गोष्टीचं नाव घेतलं? तिच्याऐवजी दुसरं काही वापरायला कुणी सुरुवात केली होती का? दोन्हींचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर ते फीचर तुमच्या डोक्यात आहे, ग्राहकाच्या नाही.

रेषेखाली असाल तर बंद करणं किंवा एक गोष्ट बदलणं हे दोन पर्याय उरतात. काय बदलायचं ते आकडेच सुचवतात. रुग्ण रोज नोंद करतात पण थेरपिस्ट यादी उघडत नाही, तर पैसे देणारा माणूस चुकला असावा, कदाचित तो रुग्ण स्वतःच असेल. थेरपिस्ट यादी उघडतो, त्यावरून व्यायाम बदलतो, पण पैसे देत नाही, तर किंमत किंवा ती मागण्याची पद्धत तपासा. दोघेही पहिल्याच आठवड्यात गळाले, तर अडचणच पुरेशी मोठी नव्हती आणि टप्पा २ मध्ये ऐकताना चूक झाली आहे. बदल एकाच वेळी एकच करा. तो बदल म्हणजे नवं गृहीतक आहे, म्हणून त्याला घेऊन टप्पा ३ कडे जा, थेट कोडकडे नको.

निकाल काहीही लागला तरी भाग घेतलेल्यांना कळवा. बंद करत असाल तर त्यांच्या नोंदी त्यांना द्या, घेतलेले उरलेले पैसे परत करा आणि ठरल्याप्रमाणे माहिती पुसा. तुमच्या पुढच्या परीक्षेला बोलवायची माणसं बहुधा हीच असतील.

रेषा ओलांडली असेल तर ‘नंतर’ची यादी लगेच उघडू नका. आधी अजून हाताने चाललेली कामं मांडा आणि आठवड्याला कशात किती तास जातात ते मोजा. सर्वांत जास्त वेळ खाणारं काम पहिलं कोडमध्ये घ्या, मग त्याखालचं. ‘नंतर’च्या यादीतल्या गोष्टी त्यानंतर, आणि त्याही ज्यांचं नाव ग्राहकांनी स्वतःहून घेतलं तेवढ्याच.